सीपॅप चालू केलंय पण मास्क घालून झोपच लागत नाही, काय करू?

अर्धीझोप :

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय कारण आता खरंच मदत हवीय. माझी स्लीप स्टडी झाली त्यात एएचआय ३८ आला, म्हणजे झोपेत तासाला सरासरी ३८ वेळा श्वास थांबतो किंवा खूप कमी होतो, आणि ३० च्या वर गेलं की ते सिव्हिअर धरतात असं डॉक्टर म्हणाले. ह्या आजाराला स्लीप ॲपनिया म्हणतात. ऑक्सिजनसुद्धा रात्री बराच खाली जात होता. त्यांनी लगेच ऑटो सीपॅप लिहून दिलं, म्हणजे झोपेत मास्कमधून दाबाने हवा देणारं आणि तो दाब गरजेप्रमाणे आपोआप बदलणारं मशीन, सोबत नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस मास्क आला. मशीन द्यायला आलेल्या माणसाने मला खुर्चीत बसवून मास्क घालून दाखवला, बटण कुठलं ते सांगितलं आणि गेला.

तेव्हापासून रात्र झाली की पोटात गोळा येतो. मशीन चालू केलं की पहिल्या मिनिटालाच गुदमरल्यासारखं होतं, हवा येतेय हे कळतं पण ती पुरत नाही असं वाटतं आणि मी मास्क ओढून काढते. पुन्हा घालते, पुन्हा काढते. कधीतरी डोळा लागतो पण पहाटे जाग येते तेव्हा मास्क उशीशेजारी पडलेला असतो आणि तो मी कधी काढला हे मला अजिबात आठवत नाही. नाकाच्या वरच्या हाडावर लाल वळ उठलाय, दुखतो. हवा वरून फुस्स करून डोळ्यात जाते म्हणून मी पट्टे आवळते, तर वळ आणखी वाढतो आणि हवा काही थांबत नाही. सकाळी तोंडाला कोरड, पोट फुगलेलं आणि ढेकरांवर ढेकर.

मनात एक भीती पण आहे, झोपेत असताना वीज गेली आणि मशीन बंद पडलं तर मास्कच्या आत जीव गुदमरणार नाही का? हे विचारायला कसंतरी वाटतं पण ती भीती जात नाही.

डॉक्टर म्हणतात सवय होईल. मिस्टर म्हणतात मास्क असतो तेवढा वेळ तू अजिबात घोरत नाहीस, म्हणजे उपयोग होतोय. पण मला सवय व्हायची कशी हे कोणी सांगत नाही. ज्यांनी यातून पार केलंय त्यांनी प्लीज सांगा नेमकं काय केलंत.


मोकळा_श्वास :

ताई, आधी एक सांगतो, मशीन कपाटात ठेवू नका. आज नाही जमलं तर उद्या पुन्हा. तुमच्या आकड्याला हे उपचार सोडून चालणार नाही.

आणि रात्रीची लढाई रात्री लढायला जाऊ नका, दिवसा लढा. दुपारी किंवा संध्याकाळी टीव्ही बघताना, वाचताना, जागेपणी मास्क घालून बसायचं. पहिल्यांदा मशीन बंद ठेवून मास्क नुसता हाताने चेहऱ्याला टेकवायचा, पट्टे नाहीत, हवं तेव्हा लांब करता येतो हे हाताला माहीत असलं की मन घाबरत नाही. मग मशीन चालू करून तसाच हाताने धरायचा. मग पट्टे लावायचे. मग आडवं व्हायचं. प्रत्येक पायरी कंटाळा येईपर्यंत करायची, हो कंटाळाच, भीतीच्या जागी कंटाळा आला की ती पायरी झाली असं समजा. कोणाला हे चार दिवसांत जमतं, कोणाला महिना लागतो, दोन्ही ठीक आहे.


जुना_वाचक :

ताई तुमची पोस्ट वाचून राहवलं नाही म्हणून सविस्तर लिहितोय. मी बरीच वर्षं सीपॅप वापरतोय आणि माझ्या ओळखीत जे जे नवीन लागले त्यांच्या तक्रारी ऐकल्यात, तुम्ही जे लिहिलंय ते जवळजवळ सगळ्यांचं सारखंच असतं. मला "सवय होईल" हे उत्तर अजिबात पटत नाही. सवय होते ती नीट बसलेल्या मास्कची आणि नीट लावलेल्या प्रेशरची. जो मास्क टोचतोय, ज्यातून हवा डोळ्यात जातेय, त्याची सवय कशाला करून घ्यायची? तुमच्या प्रत्येक त्रासाला वेगळं कारण आहे आणि बहुतेक कारणं दुरुस्त होतात, त्यामुळे माझ्यात सहनशक्ती कमी आहे वगैरे मनात आणू नका.

सुरुवातीच्या गुदमरण्याचं बघू. ऑटो मशीन ४ ते २० प्रेशरमध्ये (पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात) चालतं आणि बऱ्याच जणांचं मशीन सरसकट ४ वर सुरू होणारं असतं, वर रॅम्प पण लावलेला असतो, म्हणजे प्रेशर हळूहळूच चढतं आणि बराच वेळ ते खालीच राहतं. ऐकायला वाटतं कमी प्रेशर म्हणजे नवीन माणसाला सोपं. पण जाग्या मोठ्या माणसाला ४ वर कित्येकदा हवा अपुरी वाटते, छाती भरून श्वास ओढावासा वाटतो आणि तेवढा येत नाही, मग घाबरायला होतं. तुम्ही जे "हवा येतेय पण पुरत नाही" लिहिलंय ते वाचून मला हेच वाटतंय. डॉक्टरांना विचारा की सुरुवातीचं प्रेशर थोडं वाढवता येईल का, ६ किंवा ७ केलं की पुष्कळांचं गुदमरणं त्याच रात्री थांबतं. आणि उलटं असेल, म्हणजे हवा आत यायला काही त्रास नाही पण श्वास बाहेर सोडताना हवेशी झगडावं लागतंय असं असेल, तर त्यासाठी वेगळी सोय असते, रेसमेडच्या मशीनमध्ये ईपीआर म्हणतात, फिलिप्सच्या मशीनमध्ये सी-फ्लेक्स. श्वास सोडताना प्रेशर जरा खाली आणतं, ईपीआरला १, २, ३ अशा पायऱ्या असतात. त्यामुळे आधी नीट लक्ष द्या की तुम्हाला त्रास आत घेताना होतो का बाहेर सोडताना, कारण दोन्हीचे उपाय वेगळे आहेत आणि डॉक्टरांना नुसतं "गुदमरतं" सांगितलं तर त्यांनाही नेमकं कळत नाही.

आता मास्क. तुम्हाला खुर्चीत बसवून घातला म्हणालात, तिथेच अर्धी गडबड आहे. आडवं झाल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो, गाल मागे सरकतात, जबडा सैल पडतो, आणि बसून नीट बसलेला मास्क झोपल्यावर गळायला लागतो. म्हणून पट्टे सगळे सैल करा, अंथरुणावर ज्या कुशीवर झोपता तसं झोपा, मशीन चालू करा, आणि हवा सुरू असताना मास्क चेहऱ्यापासून थोडासा पुढे ओढून परत हलकेच खाली टेकवा. ती जी पातळ सिलिकॉनची कड असते ना ती हवेने फुगून त्वचेला चिकटते, हवा अडवायचं काम ती फुगलेली कड करते, पट्ट्यांनी फक्त मास्क जागेवर धरायचा असतो. पट्टे आवळले की ती कड चेपली जाते, सुरकुत्या पडतात आणि त्या सुरकुत्यांतूनच हवा निसटते. तुमचा वळ वाढतोय आणि हवा थांबत नाही त्याचं कारण बहुतेक हेच. पट्ट्याखाली एखाद-दोन बोटं सहज जायला हवीत. खालचे पट्टे आधी लावा, वरचे नंतर, दोन्ही बाजू एकदम सारख्या, आणि जिथून हवा येतेय तिथलाच पट्टा अगदी किंचित घ्या. एवढं करूनही डोळ्यात हवा जात राहिली तर साइज चुकलाय असं धरा आणि बदलून मागा. एका कंपनीचा मीडियम तो दुसऱ्या कंपनीचा मीडियम नसतो.

नाकाच्या हाडावरचा वळ असलेली जागा काही रात्री तरी मोकळी मिळाली पाहिजे नाहीतर जखम होईल. हल्ली असे फुल फेस मास्क मिळतात जे नाकाच्या वर न चढता नाकाखालून बसतात, हाडाला स्पर्शच नाही. नाहीतर कापडी लायनर मिळतो तो मास्क आणि चेहऱ्याच्या मध्ये ठेवायचा. क्रीम चोपडून मास्क घालू नका, तेलकट थराने कड सरकते आणि पेट्रोलियम जेलीने सिलिकॉन खराब पण होतं.

विजेचं. ही भीती विचारण्यात कसंतरी वाटण्यासारखं काही नाही, प्रत्येकाला असते. फुल फेस मास्कमध्ये एक झडप असते, आतून हवेचा दाब गेला की ती आपोआप उघडते आणि बाहेरची हवा आत येते. शिवाय मास्कला बारीक भोकं कायमची उघडी असतात ज्यातून तुमचा उच्छ्वास बाहेर जातो, म्हणून ती भोकं कधी पांघरुणाने किंवा टेपने बंद करायची नाहीत. फक्त नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळंच असतं. वीज गेली तर जास्तीत जास्त काय होईल, हवा कोंदट लागून जाग येईल आणि तुम्ही मास्क काढाल, बस. पटत नसेल तर दिवसा मास्क घालून बसा आणि मिस्टरांना मशीनचं बटण बंद करायला सांगा, झडप उघडलेली तुम्हालाच जाणवेल. त्यानंतर त्या भीतीचा जोर पुष्कळ उतरतो.

आणखी एक, बरेच लोक समजतात की मशीन ऑक्सिजन देतं. देत नाही. खोलीतलीच हवा गाळून थोड्या दाबाने घशात पाठवतं, तो दाब घशाच्या मऊ भिंती आतून उघड्या धरतो, म्हणजे त्या कोसळून रस्ता बंद होत नाही. श्वास तुमचा तुम्हीच घेता. हे डोक्यात पक्कं बसलं की मशीनशी ताल जुळवायची धडपड थांबते, आपल्या लयीत श्वास घ्यायचा, मशीन मागून येतं.


अर्धीझोप :

जुना_वाचक दादा, किती मनापासून लिहिलंत, दोनदा वाचलं. बटण बंद करायचा प्रयोग आत्ताच केला, खरंच बाहेरची हवा येते! एवढी साधी गोष्ट मला कोणी आधी का नाही दाखवली.

तुम्ही म्हणालात तसं लक्ष देऊन बघितलं, मला त्रास आत घेतानाच होतो, सोडताना नाही. स्क्रीनवर मिनिमम ४ आणि मॅक्सिमम १५ दिसतंय, रॅम्प ४५ मिनिटं. लीकचा, म्हणजे मास्कमधून निसटणाऱ्या हवेचा पण आकडा दिसतो, काल ४१ होता, तो चांगला की वाईट ते कळत नाही. एएचआय मात्र मास्क असतो तेवढ्या वेळाचा ६ दाखवतंय. मी एका कुशीवर झोपते आणि माझं नाक वर्षातले बरेच महिने चोंदलेलं असतं, म्हणूनच बहुतेक फुल फेस दिला असेल.

अजून एक, कोणीतरी सांगितलं की रात्री निदान चार तास घातला की पुरे, बाकीची रात्र काढून झोपलं तरी चालतं. मग पहाटे निघून गेला तर एवढं मनाला लावून घ्यायला नको ना?


लॅबवाली :

मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून काम करते, त्यामुळे थोडं त्या बाजूने सांगते. तुमच्या डॉक्टरांनी तुम्हाला तपासलंय, मी नाही, हे धरूनच वाचा.

चार तासांचं आधी, कारण हे फार पसरलंय. चार तास हा आकडा रुग्ण मशीन वापरतोय की नाही हे मोजायला ठेवलेला आहे, अमेरिकेत विमा देताना रात्रीचे चार तास आणि महिन्यातल्या ७० टक्के रात्री असं बघतात. चार तासांत उपचार पूर्ण होतो असा त्याचा अर्थ नाही. उलट बघा, स्वप्नांची झोप, जिला आरईएम म्हणतात, ती रात्रीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात जास्त असते आणि त्याच झोपेत अंगातले स्नायू सगळ्यात ढिले पडतात, घसा त्याच वेळी सगळ्यात जास्त मिटतो. म्हणजे पहाटे मास्क निघाला की जिथे गरज सर्वात जास्त तोच भाग उघडा पडतो. म्हणून नुसते तास मोजू नका, पहाटेचा भाग कसा वाचवता येईल ते बघा. जाग आली आणि मास्क बाजूला दिसला तर स्वतःवर न चिडता परत घालायचा आणि झोपायचं, पहाटेचे पाच वाजले असले तरी.

मास्क पहाटेच का निघतो त्याचं पण कारण बहुधा यातच आहे. घसा जास्त मिटायला लागला की ऑटो मशीन प्रेशर वर नेतं, प्रेशर वाढलं की लीक वाढतो, आवाज आणि वारा वाढतो, आणि माणूस अर्धवट झोपेत हात घालून मास्क काढतो. हात तेव्हा आपलं ऐकत नाही, त्यामुळे तुमची इच्छाशक्ती कमी वगैरे काही नाही. लीक कमी केला की हे बऱ्याचदा आपोआप कमी होतं.

आता तुमचा ४१. तुमचं मशीन रेसमेडचं असेल तर तिथे २४ लिटर प्रति मिनिटच्या वर गेलं की जास्त लीक धरतात, म्हणजे ४१ नक्कीच खूप आहे. एवढा लीक असताना मशीनला तुमचा श्वास नीट मोजता येत नाही, त्यामुळे तो एएचआय ६ पण मी फार विश्वासाने घेणार नाही. आधी लीक खाली आणा मग एएचआय बघा. साधारण ५ च्या खाली यावा अशी अपेक्षा असते. आणि रिपोर्टमध्ये एएचआयची फोड बघता आली तर बघा, त्यात ऑब्स्ट्रक्टिव्ह (घसा मिटून श्वास थांबतो ते) किती आणि सेंट्रल (घसा उघडा असूनही मेंदूकडून श्वासाचा इशारा येत नाही ते) किती असं येतं, काही मशीनवर सेंट्रलला क्लिअर एअरवे लिहिलेलं असतं. काही जणांना मशीन सुरू केल्यावर सेंट्रल प्रकारचे श्वासातले खंड दिसायला लागतात, बहुतेकांचे काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होतात, पण आकडा जास्त असेल तर डॉक्टरांना दाखवायलाच हवा, तिथे प्रेशर वाढवून उपयोग होत नाही, कधी उलट त्रास वाढतो.

म्हणूनच जुना_वाचक यांच्या म्हणण्याला एक जोड देते. रॅम्पचा वेळ, ईपीआर, ह्युमिडिटी ह्या आरामाच्या सेटिंग तुमच्या मेनूत उघड्या ठेवलेल्या असतील तर खुशाल बदलून बघा, पण मिनिमम-मॅक्सिमम प्रेशरला व्हिडिओ बघून हात लावू नका. फोन करा, बऱ्याच मशीनचं प्रेशर क्लिनिकमधून दूरूनही बदलता येतं. तुमच्या वर्णनावरून मिनिमम ४ आणि वर ४५ मिनिटं रॅम्प हे मलाही गुदमरण्याचं कारण वाटतंय. रॅम्प आजच कमी करा किंवा बंद करून बघा, मिनिममबद्दल उद्या डॉक्टरांना विचारा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि दोन-तीन रात्री द्या, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

तुमच्या नाकाकडे मात्र कुणी लक्ष दिलेलं दिसत नाही आणि मला वाटतं खरी गाठ तिथेच आहे. नाक चोंदलं की तोंड उघडतं, तोंडावाटे हवा निसटली की मशीनची हवा नाकातून एकाच दिशेने वाहत राहते, आतली त्वचा कोरडी पडते, कोरडी पडली की सुजते, आणि सुजली की नाक आणखी चोंदतं. हे चक्र कुठेतरी तोडायला लागतं. झोपण्याआधी सलाइनने नाक धुवा, ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनची हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी, एकेक पायरी वाढवा. नळीत पाणी साचून गुडगुड आवाज यायला लागला तर समजा फार झालं, एक पायरी खाली या, गरम होणारी नळी असेल तर उत्तम, आणि मशीन गादीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवा म्हणजे साचलेलं पाणी चेहऱ्याकडे येत नाही. टाकीत डिस्टिल्ड वॉटर. नाक वर्षातले महिनोन् महिने बंद असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना एकदा दाखवाच, ॲलर्जी असेल तर नाकातला स्प्रे देतात आणि मग कदाचित फुल फेसची गरजच उरणार नाही. दुकानातून घेतलेले नाक मोकळं करणारे थेंब रोज रोज घालू नका, काही दिवसांनी त्यांनीच नाक जास्त चोंदायला लागतं.

पोट फुगतं कारण हवा गिळली जाते. लीक आणि तोंडाने श्वास कमी झाला की हेही पुष्कळ कमी होतं. डोक्याकडची बाजू थोडी उंच करून बघा. ॲसिडिटी असेल तर ते सांगा, दोन्हीचा संबंध असतो. तरीही राहिलं तर मॅक्सिमम प्रेशर बघावं लागेल, ते डॉक्टरांचं काम.


शेजारची_उशी :

मी स्वतः वापरत नाही, माझे मिस्टर वापरतात, त्यामुळे पलंगाच्या दुसऱ्या बाजूने लिहितेय. नळी वरून आणा. पलंगाच्या डोक्याच्या बाजूला उंचावर एक हूक लावून नळी त्यातून सोडली की कूस बदलताना ती अंगाखाली अडकत नाही आणि मास्क ओढला जात नाही. आमच्याकडे अर्धा लीक नळी ओढली जाण्यानेच होत होता.

आणि कुशीवर झोपत असाल तर उशी बघा, उशीने मास्क ढकलला जातो. गाल उशीच्या कडेवर आणि मास्क कडेच्या बाहेर असं झोपता येतं का बघा, सीपॅपसाठी बाजूने खाच असलेल्या उशा पण मिळतात.

तुमच्या मिस्टरांना एक सांगावंसं वाटतं, त्यांनी मास्क निघालेला दिसला तर तुम्हाला हलक्या हाताने जागं करून घालायला सांगावं, पण आधी तुम्ही दोघांनी दिवसा हे ठरवून ठेवा. न ठरवता अर्ध्या रात्री कोणी आपल्या तोंडाला मास्क लावायला आलं तर दचकायला होतं. पहिले काही आठवडे मीच जास्त जागी असायचे, श्वास चालू आहे ना ते ऐकत. आधी घोरण्याने जाग यायची आणि मग शांततेने यायची. हळूहळू तीही भीती गेली.


बदलता_वारा :

सगळ्यांचं वाचलं, पण कोणाला तरी हेही सांगायला हवं म्हणून लिहितो. मला सीपॅप जमलं नाही. तीन प्रकारचे मास्क झाले, सेटिंग झाल्या, डॉक्टरांनी मनापासून प्रयत्न केले, तरी नाही. शेवटी दातांच्या डॉक्टरांकडून खालचा जबडा पुढे धरणारं माउथपीस बनवून घेतलं आणि मी त्याच्यावर ठीक आहे, नंतरच्या स्लीप स्टडीत आकडा चांगला आला. त्यामुळे ताई, सीपॅप नाही जमलं तर सगळं संपलं असं नसतं. काही जण टेप लावून तोंड बंद ठेवतात तेही ऐकलंय, बघा जमतं का.


लॅबवाली :

बदलता_वारा, तुमचा अनुभव मोलाचा आहे आणि तुम्ही नंतर परत टेस्ट करून घेतलीत हे फार चांगलं केलंत, बरेच जण तिथेच थांबतात. फक्त ताईंसाठी सांगते, माउथपीसचा उपयोग हलक्या ते मध्यम ॲपनियात जास्त खात्रीचा असतो, म्हणजे एएचआय ५ ते ३० च्या दरम्यान. ३८ ला आधी सीपॅप नीट लावून बघायचं आणि खरंच नाही जमलं तर पुढचे रस्ते डॉक्टरांशी बोलायचे. वजन हे कारण असेल तर त्यावरही बोला, अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपकरणांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपाटाइड हे औषध लठ्ठपणा असलेल्या मोठ्या माणसांच्या मध्यम ते गंभीर ॲपनियासाठी मंजूर केलंय, पण तेही वजन कमी होईल तसतसं काम करतं, तोपर्यंत रात्री घसा उघडा ठेवायला काहीतरी लागतंच.

टेपचं मात्र नको. ज्यांचं नाक चोंदलेलं असतं त्यांनी तोंड चिकटवून झोपणं धोक्याचं आहे. नाक मोकळं झालं, नाकाचा मास्क आला आणि तरी तोंड उघडत राहिलं तर हनुवटीचा पट्टा मिळतो, तोही विचारूनच.

आणि सगळ्यांसाठीच, कारण हे सांगायचं राहून जातं. हल्ली पुष्कळ मास्कच्या क्लिपमध्ये लोहचुंबक असतं. तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर, डोक्यातली धातूची क्लिप असं काही असेल तर चुंबकवाला मास्क घेऊ नका, बिनचुंबकाचे मिळतात. उलट्या होत असतील त्या रात्री फुल फेस मास्क घालायचा नाही. झोप लागत नाही म्हणून आपल्या मनाने झोपेची गोळी घ्यायची नाही, काही गोळ्यांनी घसा आणखी ढिला पडतो, दारूनेही तेच होतं. वापरलेलं जुनं मशीन कोणाकडून घेत असाल तर मॉडेल तपासा, जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला फोम खराब होतो म्हणून बरीच मशीनं परत मागवली होती. आणि ताई, दिवसा झोप येणं पूर्ण थांबेपर्यंत गाडी चालवू नका, ही विनंती समजा.


मोकळा_श्वास :

वर सगळं आलंय, मी फक्त एक जोडतो कारण मला ते वाचून धीर आला होता. सीपॅप ज्यांनी आणलं ते ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन, १९८१ मध्ये त्यांचा लेख लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. सुरुवातीच्या रुग्णांना मास्क रोज रात्री चेहऱ्याला सिलिकॉनने चिकटवावा लागायचा आणि मशीनचा आवाजही मोठा असायचा. तरी ते लोक घालून झोपायचे, कारण सकाळी उठल्यावर पहिल्यांदा झोप झाल्यासारखं वाटायचं. ताई आता तर वेगवेगळ्या आकाराचे मास्क मिळतात, बदलत राहा, जो बसेल तो सापडेल.


अर्धीझोप :

मंडळी, मध्ये काही दिवस गेले, आता सांगण्यासारखं आहे म्हणून लिहितेय.

रॅम्प बंद केला त्याच रात्री गुदमरणं निम्म्यावर आलं. मग डॉक्टरांशी बोलले, ह्या वेळी आत घेताना त्रास होतो, लीक ४१, नाक चोंदतं असं सगळं लिहूनच नेलं होतं, त्यांनी मिनिमम ७ केलं. आता मशीन चालू केल्यावर घाबरायला होत नाही. पट्टे सैल करून झोपून मास्क बसवायला शिकले, डोळ्यात हवा जाणं जवळजवळ बंद. मास्क पण बदलून मिळाला, नाकाखालून बसणारा. वळ फिका पडतोय. नळी हुकवरून सोडलीय, शेजारची_उशी ताई, त्याने खरंच फरक पडला.

पहाटे मास्क अजून काही वेळा निघालेला असतो, पण रोज नाही, आणि मिस्टर ठरल्याप्रमाणे उठवतात. लीक आता बहुतेक रात्री २० च्या आत. एएचआय ३ आणि ४ च्या मध्ये दिसतोय. पोट फुगणं कमी आहे, पूर्ण गेलं नाही. दुपारी चार वाजता जी झोप अनावर यायची ती परवापासून आली नाही, हे लिहिताना डोळ्यात पाणी येतंय, कारण गेली कित्येक वर्षं मी स्वतःला आळशी समजत होते.

कान-नाक-घसा डॉक्टरांनी ॲलर्जीचा स्प्रे दिलाय, नाक मोकळं झालं की पुढच्या वेळी नाकपुड्यांना लावायचे पिलो (छोटा मास्क) वापरून बघा म्हणाले. आता प्रश्न असा की पिलोवर एकदम जायचं का दोन्ही मास्क आलटून पालटून वापरले तरी चालतात? आणि कड रोज धुवायची म्हणतात ती कशाने, कुणी ओझोनचं मशीन घ्यायला सांगतंय.


जुना_वाचक :

वा ताई, फार बरं वाटलं वाचून! दुपारच्या झोपेचं लिहिलंत तिथे मी थांबलो, मला माझे ते दिवस आठवले.

आलटून पालटून वापरलेले उलट चांगले, दोन मास्क चेहऱ्यावर वेगवेगळ्या जागी टेकतात त्यामुळे कुठल्याच जागेवर रोज भार येत नाही. सर्दी झाली की फुल फेस, नाक मोकळं असेल तेव्हा पिलो. फक्त मशीनमध्ये मास्कचा प्रकार निवडायचा असतो तो बदलायला विसरू नका, नाहीतर लीकचे आकडे चुकीचे येतात. पिलो पहिले काही दिवस नाकपुड्यांना टोचतात, साइज एक मोठा घेऊन बघितला की बऱ्याच जणांना बरं पडतं. आणि प्रेशर जास्त असलं की पिलोची हवा जोरात लागते, तुमच्या रिपोर्टमध्ये रात्रीचं प्रेशर साधारण कुठे राहतं ते डॉक्टरांना विचारून मग ठरवा.

ओझोनचं मशीन घेऊ नका. एफडीएने २०२० मध्येच त्याबद्दल सावध केलंय, तो वायू नळीत राहिला तर फुप्फुसाला त्रासदायक असतो. कोमट पाणी आणि साधा सौम्य साबण, कड रोज सकाळी धुवायची, नळी आणि पट्टे आठवड्यातून एकदा, उन्हात न ठेवता सावलीत वाळवायचं. टाकीतलं उरलेलं पाणी रोज ओतून द्यायचं, तेच वर भरत राहायचं नाही. मशीनच्या मागे हवेचा फिल्टर असतो तो महिन्यातून एकदा काढून बघा, काळा पडला असेल तर बदला. आणि रात्री मास्क घालण्याआधी चेहरा धुवून कोरडा करा, त्वचेवर तेल असलं की कड लवकर ढिली पडते.